‘कॅरिबियन बेटांना शाळा साहेबाने दिल्या’: या दाव्यात काय चुकतं

कॅरिबियन बेटांच्या इतिहासाबद्दल एक मजकूर या ना त्या रूपात सतत पुढे पाठवला जातो. त्यातलं म्हणणं थोडक्यात असं: गुलामगिरी उठवल्यावर युरोपीय राज्यकर्त्यांनी या बेटांवर शाळा काढल्या, त्यासाठी तिजोरी मोकळी केली, शिकवलं मिशनऱ्यांनी, कारण बेटांवर शिकवू शकेल असं कोणी नव्हतंच, मुलींना शिकवायची कल्पनाही बाहेरून आली, भारतातून गेलेल्या मजुरांना तर शिक्षणाचं वावडंच होतं, आणि साहेबाची पाठ फिरताच सगळं घसरणीला लागलं.

यातलं एकही वाक्य जसंच्या तसं मान्य करता येत नाही. काही वाक्यांत अर्धं खरं आहे, ते कुठे आहे हेही पुढे येईलच. पण मुळातली गफलत एकच आहे. इमारतीचा खर्च कोणी दिला यावरून शिक्षण कोणी दिलं हे ठरवलं जातं. रोज सकाळी पोरांसमोर कोण उभं राहत होतं, हे कोणी विचारतच नाही.

‘शाळा गुलामगिरी उठल्यानंतर निघाल्या’

ब्रिटिश बेटांवर गुलामगिरी कायद्याने संपली १ ऑगस्ट १८३४ रोजी. त्यानंतरही बहुतेक बेटांवर ‘उमेदवारी’च्या नावाखाली सक्तीची मजुरी चालू राहिली, ती १ ऑगस्ट १८३८ ला सुटली. शाळांची गोष्ट त्याच्या कितीतरी आधी सुरू होते.

अँटिग्वा बेटावर ॲन हार्ट आणि एलिझाबेथ हार्ट या दोन बहिणी होत्या. कृष्णवर्णीय, पण जन्मापासून स्वतंत्र असलेल्या कुटुंबातल्या, मेथडिस्ट या ख्रिस्ती पंथाच्या. लग्नानंतर त्यांची नावं ॲन गिल्बर्ट आणि एलिझाबेथ थ्वेट्स अशी झाली. १८०९ मध्ये इंग्लिश हार्बर या बंदराच्या गावी त्यांनी रविवारची शाळा सुरू केली. रंग आणि दर्जा न बघता सगळ्या मुलांना तिथे प्रवेश होता. १८१३ मध्ये बेथेस्डा इथे थ्वेट्स दांपत्याने गुलामांच्या मुलांसाठी शाळागृह उभं केलं. हे सगळं गुलामगिरी पूर्ण जोरात असताना, मळेवाल्यांच्या डोळ्यांदेखत.

रविवारच का, याला कारण होतं. आठवड्याचे बाकी दिवस मुलं उसाच्या मळ्यावर राबत. सहा-सात वर्षांची पोरं तण काढणाऱ्या टोळीत असत, त्यांच्यावर मुकादम म्हणून एखादी म्हातारी बाई. रविवार तेवढा मोकळा, आणि त्यातलाही बराचसा स्वतःच्या तुकड्यावर कंद-भाजी पिकवण्यात जाई. म्हणजे शिकवायला हातात आठवड्याला जेमतेम काही तास. अशा शाळांत साधारण रीत अशी होती की वाचायला शिकवायचं, लिहायला नाही. मळेवाल्यांना भीती वाटे की गुलाम लिहायला शिकला तर मळ्याबाहेर जाण्याचा परवाना स्वतःच खरडेल. ही अट मान्य करून शिकवणं म्हणजे तडजोडच. पण या तडजोडीतून वाचायला शिकलेली पिढी १८३४ ला अँटिग्वात हजर होती. अँटिग्वाने उमेदवारीची चार वर्षं टाळून थेट मुक्ती दिली, तेव्हा तिथल्या शाळा शून्यातून उभ्या करायच्या नव्हत्या.

आता प्वेर्तो रिको बघू. हे बेट स्पेनकडे होतं आणि तिथे गुलामगिरी १८७३ पर्यंत टिकली. राफाएल कोर्देरो यांचा जन्म १७९० चा, सान हुआन शहरातला. स्वतंत्र कृष्णवर्णीय कुटुंब, आईवडील अक्षरओळख असलेले. रंगामुळे त्यांना शाळेत प्रवेश नव्हता, शिकले ते घरीच. धंदा विड्या वळण्याचा, म्हणजे चिरूट करण्याचा. शिवाय चांभारकामही येई. १८१० मध्ये सान हेर्मान गावात त्यांनी राहत्या घरी शाळा काढली आणि पुढे सान हुआनच्या लुना रस्त्यावर ती चालवली. फी नाही. वाचन, लेखन, हिशेब आणि धर्मशिक्षण. पोट चिरुटांवर. समोर तंबाखूचं टेबल, हात पानं वळतायत, भोवती मुलं धडा म्हणतायत, असा तो वर्ग. फ्रान्सिस्को ओयेर या प्वेर्तो रिकन चित्रकाराने पुढे या वर्गाचं मोठं तैलचित्र काढलं, त्यामुळे तो आज डोळ्यांनी बघता येतो: खोलीत पसारा, पोरांचा गलका, आणि मध्ये थकलेले पांढऱ्या केसांचे गुरुजी.

सुरुवातीला येत ती शाळेबाहेर राहिलेली काळी आणि मिश्रवर्णी मुलं. मग शहरातल्या गोऱ्या, वजनदार घरांतली मुलंही येऊ लागली, कारण शिकवणं चांगलं होतं. गुलामगिरी चालू असलेल्या शहरात गोऱ्याचा मुलगा काळ्या गुरुजींपुढे मांडी घालून बसतोय, हे चित्र लहान नाही. त्या वर्गातून आलेहांद्रो तापिया हे लेखक, रोमान बाल्दोरियोती दे कास्त्रो हे स्वायत्ततावादी नेते आणि होसे हुलियान आकोस्ता हे इतिहासकार निघाले. १८६७ मध्ये माद्रिदमध्ये ज्या तीन प्वेर्तो रिकन प्रतिनिधींनी गुलामगिरी ताबडतोब, मालकांना भरपाई मिळो वा न मिळो, रद्द करा अशी लेखी मागणी केली, त्यांत आकोस्ता होते. कोर्देरो १८६८ मध्ये वारले. ५८ वर्षं शिकवलं. उतारवयात त्यांना १०० पेसोंचं बक्षीस मिळालं. त्यातले निम्मे त्यांनी गरीब विद्यार्थ्यांची पुस्तकं आणि कपडे यांवर खर्च केले, उरलेले निम्मे भिकाऱ्यांत वाटले.

या सगळ्यात ‘मुक्तीनंतर साहेबाने शाळा काढली’ हे वाक्य कुठे बसवणार?

हैतीचं तर विचारायलाच नको. १८०४ मध्ये गुलामांनीच लढून मिळवलेला देश. १८१६ च्या घटनेत त्यांनी लिहून ठेवलं की सर्वांना आवश्यक असलेलं शिक्षण मोफत असेल. इंग्लंडमध्ये प्राथमिक शाळांची फी सर्वसाधारणपणे उठली ती १८९१ मध्ये. हैतीत ते कलम प्रत्यक्षात फार थोडं उतरलं, हे खरं. फ्रान्सने १८२५ मध्ये लादलेल्या १५ कोटी फ्रँकच्या खंडणीने तिजोरीत काही उरू दिलं नाही, हे त्याचं मोठं कारण. पण कल्पना कोणाची होती, एवढाच इथे मुद्दा आहे.

‘सरकारने तिजोरी मोकळी केली’

पैशाचा हिशेब सरळ आहे. मुक्तीच्या कायद्यानुसार ब्रिटिश सरकारने मालकांना भरपाई दिली २ कोटी पौंड. गुलामांना काही नाही. त्यांच्या शिक्षणासाठी १८३५ पासून अनुदान सुरू झालं, वर्षाला जास्तीत जास्त ३०,००० पौंडांच्या घरात. ते १८४१ नंतर दरवर्षी कमी करत नेलं आणि १८४५ ला बंद केलं. दहाही वर्षं पूर्ण रक्कम मिळाली असं धरलं तरी बेरीज ३ लाख होते, म्हणजे मालकांना दिलेल्या रकमेच्या दीड टक्का. प्रत्यक्षात त्याहून कमी.

शिवाय हे पैसे सरकारने स्वतः शाळा काढायला वापरलेच नाहीत. ते मिशनरी संस्थांना दिले. अट अशी की शाळागृहाच्या खर्चाचा दोन तृतीयांश भाग अनुदानातून, उरलेला एक तृतीयांश संस्थेने उभा करायचा. पुढे शिक्षकांच्या पगाराला थोडी मदत सुरू झाली. संस्थेचा वाटा यायचा कुठून? इंग्लंडमधल्या देणग्यांतून काही. बाकी गावातून, रोख नाही तर श्रमाने. दगड वाहणं, चुना भाजणं, लाकूड कापणं, छप्पर शाकारणं. अनुदानाच्या पावतीवर ते श्रम कुठेच दिसत नाहीत.

शाळा उभी राहिल्यावर ती चालवायची कशावर? जमैकात पालक आठवड्याला दीड ते तीन पेनी फी भरत. ही फी उठली १८९२ मध्ये. म्हणजे मुक्तीनंतरची पन्नासहून जास्त वर्षं, नुकते गुलामीतून सुटलेले लोक आपल्या मजुरीतून पोरांच्या शाळेचे पैसे देत होते. पाऊस लांबला, उसाचं काम बंद पडलं, की फी थकायची, पोर घरी बसायचं आणि हजेरीवर अवलंबून असलेला शिक्षकाचा पगार कापला जायचा. वर्गात पोरं कमी का, याचं उत्तर निरीक्षकांच्या अहवालांत अनेकदा ‘पालकांची अनास्था’ असं येतं. पण चार मुलं असली तर आठवड्याला सहा ते बारा पेनी लागत, आणि हे शेतमजुराच्या घरातले पैसे होते.

एका निधीचं श्रेय मात्र द्यायलाच हवं. लेडी मायको या लंडनच्या बाईंनी सतराव्या शतकात मृत्युपत्रात उत्तर आफ्रिकेत चाच्यांच्या कैदेत पडलेल्या ख्रिस्ती गुलामांना सोडवण्यासाठी १,००० पौंड ठेवले होते. चाचेगिरी संपली, पैसा पडून राहिला आणि व्याजाने वाढत वाढत १८३० च्या दशकात लाखाच्या वर गेला. गुलामगिरीविरोधी खासदार थॉमस फॉवेल बक्स्टन यांनी तो बेटांवरच्या शिक्षणाकडे वळवला. सरकारी अनुदान आटल्यावर मायको संस्थेला बहुतेक बेटांवरच्या शाळा सोडाव्या लागल्या, पण किंग्स्टनमधलं शिक्षक-प्रशिक्षण महाविद्यालय तिने टिकवलं. १८३६ मध्ये सुरू झालेलं ते महाविद्यालय आज विद्यापीठ आहे, आणि जमैकातल्या शिक्षकांच्या कित्येक पिढ्या तिथून बाहेर पडल्या.

‘बेटांवर शिकवू शकेल असं कोणी नव्हतं’

हा दाव्यातला सर्वात कच्चा भाग. मिशनरी किती होते? एका मिशनऱ्याच्या वाट्याला अनेक मैलांत पसरलेली दोन-चार चर्चं, दर रविवारी प्रवचन, लग्नं, अंत्यविधी. तो शाळेत आठवड्यातून एकदा डोकावला तरी पुष्कळ. रोजचं शिकवणं मॉनिटर आणि शिकाऊ शिक्षक यांच्यावर होतं.

मॉनिटर पद्धतीचा आपल्याशी थेट संबंध आहे. अँड्र्यू बेल नावाच्या पाद्र्याने अठराव्या शतकाच्या शेवटी मद्रासच्या अनाथाश्रमात ती घडवली. मोठ्या मुलांनी लहानांना शिकवायचं आणि अक्षरं वाळूत बोटाने गिरवायची, हे त्याने इथल्या गावठी शाळांत पाहिलं होतं. इंग्लंडमध्ये तिला ‘मद्रास पद्धत’च म्हणत, आणि तिथून ती कॅरिबियनमध्ये गेली. एक मोठा दिवाणखाना, शंभरभर मुलं, एक शिक्षक. मुलं ज्ञानानुसार गटांत बसवायची. प्रत्येक गटावर जरा पुढे गेलेला एक मुलगा. पुस्तकं कमी, म्हणून धडा मोठ्या अक्षरांत पुठ्ठ्यावर चिकटवून भिंतीला टांगायचा आणि गटाने त्याभोवती अर्धवर्तुळात उभं राहायचं. लहानांना वाळूचं ताट, मोठ्यांना पाटी.

खर्च कमी, पण बिघाड ठरलेले. मॉनिटर स्वतः फक्त एक-दोन धडे पुढे. त्याची चूक दहा जणांची चूक होई. सगळे गट एकाच खोलीत मोठ्याने म्हणत, त्यामुळे ऐकून पाठ करणं सोपं आणि अक्षर ओळखणं अवघड. मूल अख्खं पान घडाघडा ‘वाचे’, पण त्यातला एक शब्द बोटाखाली धरून विचारला की अडे. त्यात जमैकात १८६७ पासून निकालावर अनुदान सुरू झालं. ते आणणारे गव्हर्नर जॉन पीटर ग्रँट. निळीच्या उठावाच्या वेळी बंगालचे लेफ्टनंट गव्हर्नर होते तेच. वर्षातून एकदा निरीक्षक येणार, मुलांची परीक्षा घेणार आणि त्यावर शाळेचे पैसे ठरणार. मग शिक्षक त्या एका दिवसासाठी वाचनाचं पुस्तक तोंडपाठ करून घेणार नाहीत तर काय? बेटांवरचे शिक्षक घोकंपट्टी करून घेत, ही तक्रार आजही ऐकू येते. घोकंपट्टीला पगार बांधला होता, हे मात्र कोणी सांगत नाही.

या चौकटीतून माणसं वर आली ती स्वतःच्या बळावर. हुशार मॉनिटर बारा-तेराव्या वर्षी शिकाऊ शिक्षक व्हायचा: दिवसभर वर्ग सांभाळायचा, आणि शाळेच्या आधी किंवा नंतर मुख्य शिक्षकाकडे स्वतः शिकायचं. बहुतेक बेटांवर गरीब मुलाला पुढे जायला ही एकच शिडी होती, कारण माध्यमिक शाळा मोजक्या आणि त्यांची फी आवाक्याबाहेर. जमैकातल्या शिक्षकांनी १८९४ मध्ये स्वतःची संघटना बांधली. गावात अर्ज लिहून देणं, बचतगट चालवणं, जमिनीच्या कागदांचा अर्थ सांगणं ही कामं शिक्षकाकडेच येत. शाळा सुटल्यावरही तो शिक्षकच असे.

त्रिनिदादचे जॉन जेकब थॉमस हे या शिडीचं सर्वात लखलखीत उदाहरण. जन्म १८४० च्या सुमाराचा, मुक्तीनंतरची पहिली पिढी. पोर्ट ऑफ स्पेनच्या सरकारी प्रशिक्षण शाळेत तयार होऊन ते खेड्यात शिक्षक म्हणून गेले. तिथे लोक फ्रेंचपासून घडलेली क्रिओल बोलत. शाळा, कोर्ट, चर्च मात्र इंग्रजीत. सुशिक्षितांच्या मते ती मोडकी फ्रेंच, तिला कसलं व्याकरण! थॉमस यांनी ते व्याकरण बसवलं आणि १८६९ मध्ये छापलं: उच्चार, शब्दांचे वर्ग, क्रियापदांची रूपं, शेवटी म्हणी. हेतू अगदी व्यवहारी होता. कोर्टात दुभाष्या चुकीचं भाषांतर करतो आणि निरपराध माणूस अडकतो. शिक्षकाला मुलाची भाषा कळत नाही, म्हणून मूल का चुकतंय हेही कळत नाही. आज बहुभाषिक शिक्षणाबद्दल जे बोललं जातं, ते या गावच्या मास्तराने दीडशे वर्षांपूर्वी अंमलात आणायचा प्रयत्न केला.

याच थॉमस यांनी दुसरं एक काम केलं. जेम्स अँथनी फ्रूड या नामांकित इंग्रज इतिहासकाराने १८८८ मध्ये बेटांचं प्रवासवर्णन छापून ठरवून टाकलं की काळे लोक स्वराज्याला नालायक आहेत. थॉमस यांची तब्येत खालावलेली, नजर अधू. तरी १८८९ मध्ये त्यांनी पुस्तकभर उत्तर दिलं, फ्रूड यांचं एकेक विधान घेऊन. त्याच वर्षी ते लंडनमध्ये वारले. ‘बेटांवर कोणी नव्हतं’ या दाव्याला बेटावरच्या शाळामास्तरानेच तेव्हा उत्तर देऊन ठेवलं आहे.

‘मुलींच्या शिक्षणाची कल्पना बाहेरची’

राफाएल कोर्देरोंची थोरली बहीण सेलेस्तिना हिने १८२० मध्ये सान हुआनमध्ये मुलींची शाळा चालवली. सावित्रीबाई-जोतीरावांची पुण्यातली शाळा १८४८ ची, म्हणजे काळ लक्षात येईल. भावाचं नाव चित्रामुळे टिकलं, बहिणीचं मागे पडलं.

डोमिनिकन प्रजासत्ताकाचं उदाहरण जास्त तपशिलाने सांगण्यासारखं आहे. प्वेर्तो रिकोचे एउहेनियो मारिया दे ओस्तोस यांनी १८८० मध्ये सांतो दोमिंगोत शिक्षक घडवणारी नॉर्मल स्कूल सुरू केली. पाठांतराऐवजी निरीक्षण आणि तर्क, धर्मशिक्षणाऐवजी विज्ञान, भूगोल, इतिहास. चर्चने तिला ‘देव नसलेली शाळा’ म्हणून झोडपलं. पण ती शाळा मुलांची. मुलींसाठी पाऊल उचललं कवयित्री सालोमे उरेन्या यांनी, नोव्हेंबर १८८१ मध्ये, आपल्या राहत्या घरात. हेतू केवळ मुलींना चार अक्षरं शिकवण्याचा नव्हता; शिकवणाऱ्या बायका तयार करायच्या होत्या. एक मुलगी शिकली तर एक घर शिकतं. एक शिक्षिका तयार झाली तर दरवर्षी एक वर्ग शिकतो. हा हिशेब त्यांना पक्का कळला होता.

१८८७ मध्ये पहिल्या सहा जणी शिक्षिका होऊन बाहेर पडल्या. सहाच? सहा वर्षांत? होय, कारण अभ्यासक्रम मुलांच्या नॉर्मल स्कूलच्या तोडीचा होता आणि मुली जवळजवळ शून्यापासून सुरुवात करत होत्या. सरकारी मदत कधी यायची, कधी नाही. ओस्तोस उलिसेस उरो याच्या हुकूमशाहीत १८८८ ला देश सोडून चिलीला गेले. सालोमे यांना क्षयाने गाठलं आणि १८९३ मध्ये शाळा बंद करावी लागली. एका व्यक्तीवर उभी असलेली संस्था सहसा इथेच संपते. ही संपली नाही. पहिल्या तुकडीतल्या लुईसा ओसेमा पेयेरानो आणि त्यांची बहीण एवा यांनी १८९६ मध्ये ती पुन्हा उघडली. सालोमे पुढच्याच वर्षी, ४६ व्या वर्षी गेल्या. तोवर त्यांच्या विद्यार्थिनी शिकवत होत्या.

जमैकात विसाव्या शतकात एमी बेली आणि मेरी मॉरिस निब या शिक्षिकांनी तोच धागा पुढे नेला. किंग्स्टनच्या दुकानांत आणि कचेऱ्यांत काळ्या मुलींना, कितीही शिकल्या तरी, नोकरी देत नाहीत, हे एमी बेलींनी १९३० च्या दशकात वर्तमानपत्रातून उघड लिहिलं. नुसतं लिहून त्या थांबल्या नाहीत. १९४० च्या दशकात त्यांनी मुलींसाठी गृहव्यवस्थेचं प्रशिक्षण देणारं केंद्र काढलं. मेरी मॉरिस निब १९३९ मध्ये किंग्स्टनच्या नगरपालिकेवर निवडून आलेल्या पहिल्या स्त्री ठरल्या.

‘भारतीय मजुरांना शिक्षण नको होतं’

१८४५ ते १९१७ या काळात सुमारे १ लाख ४४ हजार भारतीय करारावर त्रिनिदादला गेले, बहुतेक आजच्या उत्तर प्रदेश आणि बिहारमधून. त्यांची मुलं सरकारी शाळांत फार कमी दिसत, हे खरं. का दिसत नसत? शिक्षण इंग्रजीत, ती भाषा घरात नाही. शाळा मळ्यापासून लांब. मुलाला मळ्यावर रोजचे काही पेनी मिळत. चर्चच्या शाळेत घातलं तर पोर बाटेल ही भीती, आणि ती अगदीच निराधार नव्हती.

कॅनडाचे जॉन मॉर्टन यांनी १८६८ मध्ये इयेरे व्हिलेजमध्ये भारतीय मुलांसाठी शाळा सुरू केली तेव्हा फरक पडला, तो शाळा वस्तीजवळ आल्याने आणि हिंदी वापरल्याने. कॅनेडियन मिशनचं हे काम मोठं आहे. नापारिमाचं मुलांचं आणि मुलींचं, दोन्ही विद्यालयं आजही नावाजलेली आहेत. पण त्या शाळांत शिकवणारे बहुतेक भारतीयच होते, आणि शिक्षकाची नोकरी हवी तर धर्म बदलावा लागे हा दबाव होता. त्यामुळे हिंदू आणि मुसलमान संस्थांना सरकारमान्य शाळांची परवानगी मिळताच चित्र पालटलं. १९५२ मध्ये भदासे सागन मराज यांच्या पुढाकाराने सनातन धर्म महासभा एकत्र आली आणि थोड्याच वर्षांत उसाच्या पट्ट्यात डझनावारी प्राथमिक शाळा उभ्या राहिल्या. साध्या, पत्र्याच्या, बाजूंनी उघड्या. टीकाकारांनी त्यांना ‘गोठे’ म्हटलं. त्या गोठ्यांत पोरांची रीघ लागली. नकोसं असतं तर लागली असती?

‘साहेब गेल्यावर घसरण झाली’

वेस्ट इंडिज विद्यापीठ १९४८ मध्ये जमैकातल्या मोना इथे, युद्धकाळच्या छावणीच्या जागेवर, वैद्यकाच्या ३३ विद्यार्थ्यांनिशी सुरू झालं. तेव्हा ते लंडन विद्यापीठाच्या छत्राखाली होतं. १९६२ मध्ये स्वतंत्र झालं. त्याचे पहिले कुलगुरू सेंट लुशियाचे आर्थर लुईस. आईवडील दोघंही शिक्षक. लहानपणी आजारामुळे शाळा बुडाली तेव्हा वडिलांनी घरी असं शिकवलं की परत गेल्यावर ते एकदम दोन इयत्ता पुढे बसले. १९७९ चं अर्थशास्त्राचं नोबेल त्यांना मिळालं. १९७२ मध्ये बेटांनी मिळून स्वतःचं परीक्षा मंडळ स्थापलं, १९७९ मध्ये पहिली परीक्षा घेतली. त्याआधी उत्तरपत्रिका इंग्लंडला जात आणि इतिहास इंग्लंडचा असे.

क्युबाबद्दलचा आक्षेप वेगळा असतो: १९६१ ची साक्षरता मोहीम म्हणजे नुसता प्रचार. प्रचार होता, यात शंका नाही. वाचनपुस्तिकेचा पहिला धडा ओ-ई-ए, म्हणजे अमेरिका खंडांतल्या देशांच्या संघटनेची स्पॅनिश आद्याक्षरं; दुसरा जमीनसुधारणा खात्याचा. पण पुस्तिकेची रचना शिकवण्याच्या दृष्टीने विचारपूर्वक केलेली होती. पंधरा धडे. प्रत्येकाच्या सुरुवातीला छायाचित्र. आधी त्यावर गप्पा, मग एक वाक्य, मग त्याचे तुकडे, मग त्या तुकड्यांतून नवे शब्द. तीन चाचण्या, शेवटचीत स्वतःच्या हाताने पत्र लिहायचं. शिकवणारे सुमारे २ लाख ६८ हजार, त्यांत लाखभर शाळकरी मुलंमुली, निम्म्याहून जास्त मुली. प्रत्येकाकडे झूला, ब्लँकेट आणि कंदील, कारण वर्ग शेतातून परतल्यावर रात्री. दिवसा स्वयंसेवकाने यजमानाबरोबर शेतात राबायचं. काम धोक्याचंही होतं. कोनरादो बेनितेस हा अठरा वर्षांचा काळा स्वयंसेवक जानेवारीतच मारला गेला. काही प्रौढ शिकत का नाहीत याचं कारण कित्येकदा चष्मा नसणं हे निघालं, तेव्हा चष्मे वाटावे लागले. सरकारी आकड्यांनुसार ७,०७,२१२ जण साक्षर झाले आणि निरक्षरता २३.६ वरून ३.९ टक्क्यांवर आली. मिळालेली पातळी साधारण पहिलीची होती, म्हणून लगेच पुढचे वर्ग सुरू केले. जिथे नुसती मोहीम होते आणि पुढचे वर्ग नसतात, तिथे माणूस अक्षर विसरतो.

आणि जमैका. तिथे डडली ग्रँट या शिक्षणतज्ज्ञांनी १९६६ पासून गावोगावच्या बालशाळांना हाताशी धरलं. या शाळा चर्चच्या मागच्या खोलीत, शिक्षिकांना प्रशिक्षण नाही, सामान नाही. ग्रँट यांनी त्यांना कार्यशाळांतून बाटल्यांची बुचं, खोकी, बांबू, चिंध्या यांतून खेळणी करायला शिकवलं.

त्यानंतर १९८६-८७ मध्ये वेस्ट इंडिज विद्यापीठातल्या सॅली ग्रँथम-मॅकग्रेगर आणि सहकाऱ्यांनी किंग्स्टनच्या गरीब वस्त्यांतली वाढ खुंटलेली १२९ मुलं घेतली, वय ९ ते २४ महिने. काहींना दूधभुकटी, काहींना खेळ, काहींना दोन्ही, काहींना काहीच नाही. खेळाचा भाग असा: वस्तीतलीच आरोग्य सेविका आठवड्यातून एकदा, तासभर, दोन वर्षं घरी येणार. घरगुती खेळणी आणायची, मुलाशी कसं बोलायचं-खेळायचं ते आईला दाखवायचं, आईकडून करवून घ्यायचं, खेळणी ठेवून जायचं आणि पुढच्या आठवड्यात बदलायचं. वीस वर्षांनी खेळाच्या गटातल्या मुलांची कमाई २५ टक्क्यांनी जास्त निघाली. दूधभुकटीने तेवढं टिकाऊ काही साधलं नाही.

बिघडतं ते दोन ठिकाणी. सेविका स्वतःच मुलाशी खेळते आणि आई बाजूला बसून बघते. मग उरलेले सहा दिवस काहीच होत नाही. दुसरं, खर्च वाचवायला भेटी कमी केल्या जातात. याच गटाने ते तपासून पाहिलं होतं: आठवड्याची भेट सर्वात उपयोगी, पंधरवड्याची कमी, महिन्याची जवळजवळ निरुपयोगी. बांगलादेश आणि कोलंबियाने ही पद्धत उचलली. ओडिशात कटकच्या झोपडपट्ट्यांत ती आणली तेव्हा चित्रं, गाणी आणि खेळणी तिथली केली, पण आठवड्याची भेट आणि आईच्या हाताने खेळ, या दोन गोष्टी किंग्स्टनच्याच ठेवल्या.